अशुद्ध नमुना आणि ब्यूरेटचा आकडा : आम्ल-आम्लारी टायट्रेशनचा आढावा

प्रश्न नेमका कोणता

पदार्थ शुद्ध असेल तर त्याचे प्रमाण ठरवायला तराजू पुरतो. अडचण येते ती त्यात दुसरे काही मिसळलेले असते तेव्हा, आणि बाजारातून, शेतातून, कारखान्यातून किंवा औषधाच्या दुकानातून येणारा जवळजवळ प्रत्येक नमुना तसाच असतो. धुण्याच्या सोड्यात मीठ आणि ओलावा, चुनखडीत वाळू आणि मॅग्नेशियम, गोळीत औषधासोबत स्टार्च. दुधाच्या घटकांची तर यादीही पुरी होत नाही. अशा मिश्रणातले एकच संयुग किती आहे, हे सांगण्याच्या जुन्या आणि आजही रोजच्या वापरातल्या रीतींपैकी एक म्हणजे आम्ल-आम्लारी टायट्रेशन, म्हणजेच पाठ्यपुस्तकातले अनुमापन. नमुना विरघळवायचा, दर्शक घालायचा, ताकद माहीत असलेले द्रावण ब्यूरेटमधून थेंबथेंब सोडायचे आणि रंग पालटला की रीडिंग घ्यायचे.

रीत सोपी आहे, तिच्याभोवतीचा प्रश्न मात्र सोपा नाही. ब्यूरेटमधून गेलेले मिलिलिटर हव्या त्या संयुगानेच घेतले, की सोबतच्या अशुद्धींनीही त्यात वाटा घेतला? हा वाटा वेगळा काढता येतो का? आणि घटक एकेक करून वेगळे करणारी उपकरणे हाताशी असताना या जुन्या रीतीवर किती भिस्त ठेवावी? विश्लेषकांमध्ये याबद्दल आज एकमत नाही. या प्रश्नाची पार्श्वभूमी, त्यावरचे उपाय, आजची मुख्य मते आणि अजून उलगडायचे राहिलेले मुद्दे या क्रमाने येथे मांडले आहेत.

पार्श्वभूमी : अशुद्ध मालातून जन्मलेली रीत

अठराव्या शतकात युरोपात कापड विरंजनासाठी, काच आणि साबण बनवण्यासाठी पोटॅश लागे. ते लाकडाच्या राखेतून निघे. त्यात मीठ आणि इतर क्षार असत, आणि प्रत्येक खेपेचा कस वेगळा असे. १७२९ मध्ये क्लोद-जोसेफ जोफ्रुआ या फ्रेंच रसायनज्ञाने व्हिनेगरची ताकद मोजण्यासाठी त्यात पोटॅशियम कार्बोनेटची पूड फसफस थांबेपर्यंत टाकण्याची रीत वापरली. १७५६ मध्ये स्कॉटलंडच्या फ्रान्सिस होम यांनी विरंजनावरच्या पुस्तकात उलट दिशेने तेच केले : पोटॅशच्या द्रावणात फसफस थांबेपर्यंत नायट्रिक आम्ल, चमच्याने मोजून. १७६७ मध्ये विल्यम लुईस यांनी अमेरिकेतून येणाऱ्या पोटॅशचा कस ठरवताना लिटमसच्या रंगाचा आधार घेतला. फसफस केव्हा थांबली हे नजरेच्या अंदाजावर होते. रंगाने त्या अंदाजाला ठाम खूण मिळाली.

पुढच्या शतकात रीतीला हत्यारे मिळाली. १८२०च्या दशकात गे-ल्युसॅक यांच्या लेखनातून ब्यूरेट आणि पिपेट हे शब्द रूढ झाले. १८५५ मध्ये कार्ल फ्रीड्रिश मोर यांनी टायट्रेशनवरचे सविस्तर पाठ्यपुस्तक लिहिले आणि रबरी नळीला चिमटा लावलेली ब्यूरेट लोकप्रिय केली. १८७०च्या दशकाच्या अखेरीस फिनॉल्फ्थॅलीन आणि मिथिल ऑरेंज हे कृत्रिम दर्शक वापरात आले. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी धान्यातल्या नायट्रोजनचे अमोनियात रूपांतर करून तो टायट्रेशनने मोजण्याची पद्धत दिली. १८९४ मध्ये ओस्टवाल्ड यांनी दर्शकांचा सिद्धान्त मांडला. १९०९ मध्ये त्याच कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतून सोरेनसेन यांनी सामूची मापनपट्टी दिली. १९२७ मध्ये हॉल आणि कोनंट यांनी पाण्याऐवजी ग्लेशियल ॲसेटिक आम्लात काम केल्यास अतिशय क्षीण आम्लारीही मोजता येतात हे दाखवले. १९३०च्या दशकात काचेच्या इलेक्ट्रोडचे सामूमापक बाजारात आल्यावर अंत्यबिंदूसाठी डोळ्यांवर विसंबण्याची सक्ती संपली.

दोनशे वर्षांच्या या प्रवासात सुधारणा झाली ती मुख्यतः एकाच गोष्टीत : अंत्यबिंदू अधिकाधिक नेमका कळू लागला. त्या बिंदूपर्यंत कोणकोणत्या घटकांनी द्रावण घेतले, हा प्रश्न जोफ्रुआंच्या काळी होता तसाच राहिला.

ब्यूरेट काय मोजते

आम्ल-आम्लारी अभिक्रियेत देवघेव होते ती प्रोटॉनची. म्हणून ब्यूरेटचा आकडा सांगतो तो एवढाच : ठरलेल्या सामूपर्यंत पोहोचताना नमुन्याने किती प्रोटॉन दिले किंवा घेतले. ते कोणी दिले, हे आकड्यात नसते. त्याला संयुगाचे नाव आपण जोडतो, नमुन्याबद्दलच्या आपल्या आधीच्या माहितीवरून. पुढचा सारा वाद या माहितीच्या भरवशाचा आहे.

या दृष्टीने अशुद्धींचे तीन गट पडतात. पहिला निष्क्रिय अशुद्धींचा : सोड्यातले मीठ, गोळीतला स्टार्च, चुनखडीतली वाळू. या प्रोटॉनच्या व्यवहारात पडत नाहीत. त्यांच्यामुळे उत्तर चुकत नाही. उलट त्या असूनही संयुगाची टक्केवारी अचूक निघते, आणि इथे टायट्रेशनसारखी सोयीची पद्धत दुसरी नाही. दुसरा गट भागीदार अशुद्धींचा : कॉस्टिक सोड्यातले कार्बोनेट, चुनखडीतले मॅग्नेशियम कार्बोनेट, व्हिनेगरमधले दुसरे एखादे आम्ल. ही मोजणीत शिरतात आणि आकडा फुगवतात. तिसरा गट अडथळा आणणाऱ्यांचा : रंगीत रस, न विरघळणारा गाळ, सामूचा बदल दाबून धरणारे फॉस्फेट किंवा प्रथिने, हवेतून शोषला जाणारा कार्बन डायऑक्साइड. यांच्यामुळे अंत्यबिंदू पुसट होतो किंवा सरकतो.

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या क्षारांत पहिले दोन्ही गट एकत्र भेटतात. त्यांत सोडियमचे कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि क्लोराइड मिसळलेले असतात. क्लोराइड आम्लाशी काहीच करत नाही, म्हणून ते कितीही असले तरी चालते. कार्बोनेट आणि बायकार्बोनेट मात्र दोघेही आम्ल घेतात. एकच अंत्यबिंदू पाहिला तर एकूण क्षारता कळते, तिच्यात कोणाचा वाटा किती हे कळत नाही.

भागीदार वेगळे काढण्याचे मार्ग

यावर विश्लेषकांनी काढलेले मार्ग चार प्रकारांत मांडता येतात.

पहिला मार्ग दोन अंत्यबिंदूंचा. वॉर्डर यांच्या नावाने ओळखली जाणारी ही रीत पदवीच्या प्रात्यक्षिकांत आजही असते. लोणारच्या क्षारासारख्या द्रावणात आधी फिनॉल्फ्थॅलीन घालून हायड्रोक्लोरिक आम्ल सोडले, तर गुलाबी रंग सुमारे ८.३ सामूला जातो. तेव्हा सर्व कार्बोनेटचे बायकार्बोनेट झालेले असते. मग मिथिल ऑरेंज घालून पुढे गेले, की मूळचे आणि नव्याने झालेले असे सगळे बायकार्बोनेट संपते. पहिल्या टप्प्याला ८ मिलिलिटर आणि दुसऱ्याला १४ मिलिलिटर आम्ल लागले, तर कार्बोनेटचा वाटा ८ आणि मूळ बायकार्बोनेटचा ६. पहिला टप्पा दुसऱ्यापेक्षा मोठा निघाला, तर नमुन्यात कॉस्टिक सोडा आहे असे समजायचे. मर्यादा अशी की ८.३ जवळ सामूची उडी लहान असते, रंग हळूहळू उतरतो आणि टप्प्यांची विभागणी काटेकोर होत नाही. दोन आम्लांचे वेगवेगळे अंत्यबिंदू स्वच्छ दिसायचे असतील, तर त्यांच्या विचरण स्थिरांकांत साधारण दहा हजार पटींचा फरक लागतो. सायट्रिक आम्लाच्या तीन प्रोटॉनांत तेवढे अंतर नाही, म्हणून तेथे तिन्हींसाठी मिळून एकच उडी दिसते.

दुसरा मार्ग भागीदाराला टायट्रेशनआधीच बाजूला करण्याचा. विंकलर यांच्या पद्धतीत बेरियम क्लोराइड घालून कार्बोनेटचा साका पाडतात आणि उरलेला कॉस्टिक सोडा फिनॉल्फ्थॅलीनने मोजतात. केल्डालच्या पद्धतीत अमोनिया ऊर्ध्वपातनाने उडवून वेगळ्या भांड्यात धरतात. तुपाचे रायशर्ट-माइस्ल मूल्य काढताना ५ ग्रॅम तुपातली पाण्यात विरघळणारी, वाफेबरोबर उडणारी मेदाम्ले वेगळी करून मगच अल्कलीने मोजतात.

तिसरा मार्ग बॅक टायट्रेशनचा. चुनखडी पाण्यात विरघळत नाही, म्हणून मोजून जास्तीचे आम्ल घालून ती विरघळवायची आणि उरलेले आम्ल अल्कलीने मोजायचे. अभिक्रिया मंद असेल, घटक उडून जाणारा असेल किंवा अंत्यबिंदू थेट दिसत नसेल, तेव्हा हाच मार्ग. विद्राव्यतेची आणि वेगाची अडचण तो सोडवतो. भागीदार अशुद्धींची अडचण त्याने आपोआप सुटत नाही.

चौथा मार्ग द्रावकाचा किंवा साहाय्यकाचा. बोरिक आम्ल इतके क्षीण की साध्या टायट्रेशनमध्ये त्याची उडी दिसतच नाही. मॅनिटॉल घातले की ते पुरेसे बलवान होते. अमिनो आम्लांना फॉर्माल्डिहाइड हाच आधार देते. औषधांतल्या क्षीण अमाइनांसाठी ग्लेशियल ॲसेटिक आम्लात परक्लोरिक आम्लाने टायट्रेशन करतात.

एक उदाहरण खोलात : ॲस्पिरिन

या मार्गांची ताकद आणि कमतरता दोन्ही ॲस्पिरिनमध्ये चांगल्या दिसतात. ॲस्पिरिनच्या रेणूत एक कार्बॉक्सिलिक आम्लगट आणि एक एस्टर असतो. ओलाव्याने एस्टर तुटला की सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसेटिक आम्ल तयार होते. जुन्या गोळ्यांच्या बाटलीला व्हिनेगरसारखा वास येतो तो यामुळे.

औषधकोशातली रूढ रीत बॅक टायट्रेशनची आहे : दीड ग्रॅम ॲस्पिरिन, ०.५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ५० मिलिलिटर, दहा मिनिटे मंद उकळी, आणि उरलेली अल्कली सल्फ्युरिक आम्लाने मोजायची. उकळताना एस्टर तुटतो, म्हणून एका रेणूला दोन प्रोटॉनइतकी अल्कली लागते. या द्रावणाचा १ मिलिलिटर म्हणजे ४५.०४ मिलिग्रॅम ॲस्पिरिन. शुद्ध दीड ग्रॅमला ३३.३० मिलिलिटर लागतील.

आता समजा, बंद बाटलीत ५ टक्के रेणू आधीच फुटले आहेत. फुटलेल्या प्रत्येक रेणूपासून सॅलिसिलिक आणि ॲसेटिक आम्लाचा एकेक रेणू झाला; दोघे मिळून दोन प्रोटॉन देतात. (सॅलिसिलिक आम्लाचा फिनॉल गट इतका क्षीण आहे की फिनॉल्फ्थॅलीनच्या अंत्यबिंदूत तो मोजला जात नाही.) म्हणजे अल्कली तितकीच, ३३.३० मिलिलिटर. औषध खराब झाले आहे आणि आकडा शंभर टक्के दाखवतो आहे.

तोच नमुना थंड अल्कोहोलमध्ये, एस्टर न तोडता थेट टायट्रेट केला तर? अखंड रेणू एक प्रोटॉन देतो, फुटलेला दोन. शुद्ध दीड ग्रॅमला १६.६५ मिलिलिटर लागले असते, येथे सुमारे १७.४८ लागतील. हिशेबाने ॲस्पिरिन १०५ टक्के येते. खराब झालेला नमुना शुद्धाहूनही शुद्ध ठरतो.

दोन्ही आकडे एकत्र ठेवले की मात्र चित्र बदलते. बॅक टायट्रेशनमधून थेट टायट्रेशन वजा केले, तर उरते ती केवळ एस्टर तोडायला लागलेली अल्कली : ३३.३० वजा १७.४८, म्हणजे १५.८२ मिलिलिटर. शुद्ध नमुन्यात ती १६.६५ असती. गुणोत्तर ९५ टक्के, आणि हेच खरे उत्तर. ॲसेटिक आम्ल उडून गेले असले किंवा गोळीत सायट्रिक आम्ल मिसळलेले असले, तरी या वजाबाकीवर परिणाम होत नाही, कारण ते दोन्ही आकड्यांतून सारखेच वजा होते. गोळ्यांसाठी आधी मुक्त आम्ल उदासीन करायचे आणि मग एस्टर तोडायचा, या दुहेरी टायट्रेशनच्या रीतीमागचे तर्कशास्त्र हेच.

यातून दोन निष्कर्ष निघतात. एकट्या टायट्रेशनला नसलेली निवडक्षमता दोन टायट्रेशनांच्या नीट योजलेल्या जोडीत येऊ शकते. आणि त्याची किंमतही मोजावी लागते : वजाबाकीत दोन्ही रीडिंगच्या चुका जमा होतात, शिवाय नमुन्यात दुसरा एस्टर नाही याची खात्री आधी हवी.

नाव कोणते द्यायचे : कोकम, दूध आणि चुनखडी

मिश्रणातल्या घटकांचे स्वरूपच पुरते माहीत नसते, तेव्हा प्रश्न आणखी अवघड होतो. कोकणातले कोकम हे त्याचे बोलके उदाहरण. कोकमच्या आणि त्याच्या कुळातल्या मलबारी चिंचेच्या आंबटपणाचे श्रेय आधी सायट्रिक, टार्टरिक अशा परिचित आम्लांना दिले जाई. १९६५ मध्ये मैसूरच्या लुईस आणि नीलकांतन यांनी मलबारी चिंचेतले मुख्य आम्ल हायड्रॉक्सीसायट्रिक असल्याचे दाखवले. कोकमातही तेच मुख्य आहे.

ब्यूरेटला या शोधाने काहीच फरक पडला नाही. हिशेबाला पडला. समजा, रसाच्या एका नमुन्याने १० मिलीइक्विव्हॅलंट अल्कली घेतली. ते सायट्रिक आम्ल मानले तर ०.६४ ग्रॅम होते, हायड्रॉक्सीसायट्रिक मानले तर ०.६९ ग्रॅम, टार्टरिक मानले तर ०.७५ ग्रॅम. शिवाय हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल काही अंशी लॅक्टोनच्या रूपात असते. लॅक्टोन थंड असताना दोनच प्रोटॉन देते, जास्तीच्या अल्कलीत तापवले की उघडून तिसराही देते. म्हणून थेट आणि बॅक टायट्रेशनची उत्तरे वेगळी येतात. आणि कोकमचे लाल रंगद्रव्य स्वतःच सामूबरोबर रंग बदलते, त्यामुळे फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग ओळखणे कठीण होते, सामूमापक लागतो.

दुधाच्या डेअऱ्यांत रोज मोजली जाणारी आम्लता याच जातीची. ताज्या दुधात लॅक्टिक आम्ल जवळजवळ नसते, तरी टायट्रेशन साधारण ०.१३ ते ०.१६ टक्के लॅक्टिक आम्ल दाखवते. ती अल्कली घेतात केसीन, फॉस्फेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. दूध आंबू लागल्यावर वाढलेला भाग तेवढा खऱ्या लॅक्टिक आम्लाचा. म्हणून हा आकडा एकेकटा घेऊन चालत नाही, त्या भागातल्या ताज्या दुधाच्या आकड्याशी ताडून पाहावा लागतो. दुधात सोडा मिसळून आंबटपणा लपवला असेल, तर नुसत्या टायट्रेशनने ते उघड होत नाही. त्यासाठी वेगळी चाचणी लागते.

चुनखडीत तर आकडा शंभराच्या पुढे जातो. कॅल्शियम कार्बोनेटचा सूत्रभार १००.०९, मॅग्नेशियम कार्बोनेटचा ८४.३१, त्यामुळे तेवढ्याच वजनात मॅग्नेशियम कार्बोनेट जास्त आम्ल घेते. शुद्ध डोलोमाइटचे मोजमाप कॅल्शियम कार्बोनेट म्हणून लिहिले, तर ते सुमारे १०८.६ टक्के येते. आम्लधर्मी जमिनीत चुना टाकणाऱ्या शेतकऱ्यासाठी हा आकडा अगदी बरोबर आहे, कारण त्याला जमिनीची आम्लता मारण्याची ताकद हवी असते. सिमेंट कारखान्याच्या रसायनज्ञाला कॅल्शियम किती हे हवे असते. त्याच्यासाठी तोच आकडा दिशाभूल करणारा.

चुकीच्या नावाची सर्वांत मोठी किंमत केल्डालच्या पद्धतीत मोजावी लागली. ती मोजते अमोनिया, त्यावरून नायट्रोजन, आणि त्याला दुधासाठी ६.३८, सर्वसाधारणपणे ६.२५ या गुणकाने गुणून प्रथिने. मेलामाइनमध्ये वजनाने सुमारे दोन तृतीयांश नायट्रोजन असतो. लिटरभर दुधात एक ग्रॅम मेलामाइन टाकले, तर कागदावर प्रथिने चार ग्रॅमहून अधिक वाढतात. २००८ मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात नेमके हेच केले गेले. सुमारे तीन लाख बालके आजारी पडली आणि सहा दगावली. टायट्रेशनने नायट्रोजन बरोबरच मोजला होता. नायट्रोजन म्हणजे प्रथिने, हे गृहीत चुकले होते, आणि ते चुकेल अशी व्यवस्था कोणी तरी मुद्दाम केली होती.

आजची तीन मते

पहिले मत टायट्रेशनला परीक्षणाचा पाया मानणाऱ्यांचे. त्यांचा मुख्य मुद्दा असा की ही पद्धत वजन, आकारमान आणि अभिक्रियेचे समीकरण यांवर उभी आहे. ज्या संयुगाचे मापन करायचे त्याचाच शुद्ध नमुना तुलनेसाठी लागत नाही. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटसारख्या एका प्राथमिक प्रमाणकावर शेकडो संयुगांचे मापन टेकवता येते. १९९०च्या दशकात मापनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय समितीने टायट्रेशनला प्राथमिक पद्धत होण्याची क्षमता असलेल्या मोजक्या पद्धतींत स्थान दिले. पुनरावृत्तीतही ते सरस आहे : औषधकोशांत टायट्रेशनने मोजल्या जाणाऱ्या कच्च्या औषधाची मर्यादा बहुधा ९९ ते १०१ टक्के असते, तर द्रव क्रोमॅटोग्राफीने मोजल्या जाणाऱ्याची ९८ ते १०२. क्रोमॅटोग्राफीचा संदर्भ नमुना किती शुद्ध आहे, हे ठरवतानाही अनेकदा टायट्रेशनचीच मदत घेतात, याकडेही हे अभ्यासक लक्ष वेधतात. छोट्या प्रयोगशाळेला परवडणारा खर्च हा त्यांचा आणखी एक मुद्दा.

दुसरे मत निवडक्षमतेला अग्रक्रम देणाऱ्यांचे. औषधातली धोकादायक अशुद्धी बहुतेकदा त्याच औषधाच्या संश्लेषणातली किंवा विघटनातली असते, म्हणजे रचनेने जवळची. आणि रचनेने जवळचा रेणू सहसा तितकेच प्रोटॉन देतो. त्यामुळे अगदी नेमका आकडा मिळूनही तो चुकीच्या गोष्टीचा असू शकतो, असे त्यांचे म्हणणे. ॲस्पिरिनचे बॅक टायट्रेशन आणि मेलामाइनचे प्रकरण ही त्यांची आवडती उदाहरणे. २०१०च्या सुमारास अमेरिकी औषधकोशाने जुन्या कसोट्या अद्ययावत करण्याची मोहीम घेतली, तेव्हा अनेक टायट्रेशनांची जागा क्रोमॅटोग्राफीने घेतली ती याच विचाराने. जलविरहित टायट्रेशनमध्ये क्लोराइड क्षारांसाठी वापरला जाणारा मर्क्युरिक ॲसेटेट विषारी असल्याने त्याच्याविरुद्धचा आक्षेपही याच बाजूला बळ देतो.

तिसरे मत विभागणीचे आहे : शुद्धतेच्या जवळ असलेल्या कच्च्या मालाचे प्रमाण टायट्रेशनने ठरवावे, अशुद्धींची ओळख आणि मोजणी क्रोमॅटोग्राफीने करावी, आणि दोन्ही मिळून निर्णय घ्यावा. औषध-नियमनाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत या भूमिकेला स्पष्ट आधार आहे. टायट्रेशन विशिष्ट नसले तरी अशुद्धींच्या योग्य चाचणीची जोड दिल्यास एकूण पद्धत ग्राह्य धरता येते, असे त्या सांगतात. युरोपीय औषधकोशात कच्च्या औषधांसाठी ही जोडी बऱ्याच ठिकाणी टिकून आहे. मात्र गोळ्या, रस, दूध अशा गुंतागुंतीच्या मिश्रणांना ही विभागणी जशीच्या तशी लागू पडत नाही, हे तिचे समर्थकही मान्य करतात.

न सुटलेले मुद्दे

पहिला मुद्दा अनपेक्षित अशुद्धीचा. परिचित अशुद्धींसाठी सोय करता येते; पण नमुन्यात काय असू शकते याची यादीच अपुरी असेल, तर टायट्रेशनची खात्री कशी द्यायची? क्रोमॅटोग्राफीलाही प्रत्येक घटक दिसतोच असे नाही. मीठ, ओलावा आणि उरलेले द्रावक तिच्या नेहमीच्या शोधकाला दिसत नाहीत. दोन्हींच्या आंधळ्या जागा वेगवेगळ्या आहेत. त्या जोडीने किती झाकल्या जातात, याचे सर्वमान्य गणित अजून झालेले नाही. शुद्धता थेट मोजणारे परिमाणात्मक चुंबकीय अनुस्पंदन येथे तिसरा पर्याय म्हणून पुढे येत आहे, पण त्याचे उपकरण मोजक्याच संस्थांत आहे.

दुसरा मुद्दा गुणकांचा. नायट्रोजनवरून प्रथिने काढताना सोयाबीनसाठी ६.२५ वापरावा की ५.७१, यावर आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या चर्चांत मतभेद आहेत. गुणक बदलला की तोच माल, तेच टायट्रेशन आणि लेबलवरचा वेगळा आकडा. यात रसायनशास्त्राइतकाच व्यापारही गुंतलेला आहे.

तिसरा मुद्दा नैसर्गिक फरकांचा. सरकी खाणाऱ्या जनावरांच्या तुपाचे रायशर्ट-माइस्ल मूल्य कमी भरते, म्हणून भारतीय नियमांनी कापूस पिकवणाऱ्या पट्ट्यांसाठी वेगळ्या मर्यादा ठेवल्या. हे विदर्भाच्या पशुपालकाला न्याय देणारे आहे. पण सैल मर्यादेचा फायदा भेसळ करणाऱ्यालाही मिळतो. एकाच टायट्रेशनवरून खाद्याचा परिणाम आणि भेसळ यांतला फरक करता येत नाही, आणि मर्यादा नेमकी कोठे आखावी याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

चौथा मुद्दा अंत्यबिंदूच्या व्याख्येचा. दूध किंवा फळांचा रस यांसारख्या मिश्रणात खरा समतुल्य बिंदू असा एक नसतोच. दुधात पाणी घातले तरी टायट्रेशनची आम्लता बदलते. सामू ८.१, ८.२ की ८.३ ला थांबायचे, किती पाणी घालायचे, फिनॉल्फ्थॅलीनचे किती थेंब, हे सारे संकेताने ठरते. वेगवेगळ्या संकेतांनी मिळालेले आकडे एकमेकांशी ताडून पाहिले जातात तेव्हा गोंधळ होतो. स्वयंचलित टायट्रेटरने थेंब अचूक पडतो, पण संकेत निवडण्याचे काम माणसाकडेच राहते.

सध्याची स्थिती

एवढ्या चर्चेतून काही गोष्टी स्थिर झाल्या आहेत. निष्क्रिय अशुद्धी असलेल्या नमुन्यात टायट्रेशनचा आकडा विश्वासार्ह असतो आणि त्याला स्वस्त, तितका नेमका पर्याय आज नाही. भागीदार अशुद्धी परिचित असतील, तर दोन अंत्यबिंदू, पूर्वविभक्ती किंवा ॲस्पिरिनसारखी दुहेरी मोजणी करून तो विश्वासार्ह बनवता येतो. अशुद्धी अपरिचित असतील किंवा कोणी मुद्दाम पद्धतीला चकवणारा पदार्थ मिसळला असेल, तर एकटे टायट्रेशन पुरत नाही. या तीन विधानांवर तिन्ही मतांचे लोक सहमत आहेत. मतभेद आहे तो एखादा विशिष्ट नमुना यांतल्या कोणत्या स्थितीत बसतो यावर.

म्हणून टायट्रेशनच्या प्रत्येक अहवालात तीन गोष्टी लिहिलेल्या असणे अगत्याचे आहे : अंत्यबिंदू कोणता धरला, मिलिलिटरवरून टक्केवारी काढताना कोणते संयुग गृहीत धरले, आणि दुसरा कोणताही घटक प्रोटॉनच्या व्यवहारात नाही हे कशावरून मानले. बी.एस्सी.च्या जर्नलात पहिली गोष्ट असते, दुसरी सूत्रात दडलेली असते आणि तिसरी बहुधा नसतेच. प्रात्यक्षिकात ब्यूरेट अचूक वाचायला आपण जितक्या कळकळीने शिकवतो, तितक्याच कळकळीने ही तिसरी ओळ लिहायला शिकवले, तर प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्या आकड्यावर दूध उत्पादक, रुग्ण आणि शेतकरी यांना अधिक निश्चिंतपणे विसंबता येईल.